तिसरं घर आणि सहावं घर

खार लई हुशार जनावर. अख्खी तार सोडली आणि नेमकं तोंड कुरतडलं.

आमच्या अंगणात कडुनिंब आहे. खिडकीच्या गजापासून निंबाला आणि निंबापासून पत्र्याच्या खोलीला, अशी कपडे वाळत घालायची वलणी बांधलेली. तिच्या अंगाअंगानं एक निळी तार जाते, हात-हातभर अंतरावर लुगड्याच्या काठाच्या चिंध्यांनी आवळलेली. उन्हाळे खाऊन खाऊन तिचा निळा आता दुधात कालवल्यागत फिका पडलाय. पुढच्या खोलीत नेटचा डबा आहे. तिथून ती निघते, गजातून बाहेर येते, वलणीवरून चालत जाते आणि पत्र्याच्या खोलीच्या झडपेतून आत उतरते. एवढ्या वाटेत ती एकाही भिंतीत शिरत नाही. हा हुकूम हिचा. ही म्हणजे सवीची माय. गेल्या चैत्रात गेली.

त्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघं झोपायचो. आता मी एकटा झोपतो.

सवी आमची एकुलती लेक. नांदेडला मास्तरीण आहे, नदीच्या अंगाला राहते. रोज दिवेलागणीला फोनवर तोंड दाखवते आणि माझं बघते. आता पत्र्याचं असं आहे, की आतमध्ये हवेतलं नेट येत नाही. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा. डब्यात भाकरी ठेवून झाकण लावावं, तसा माणूस. म्हणून तारेच्या टोकाला आत एक छोटा डबा बसवलाय, त्याच्यातून फोनला नेट मिळतं. खारीनं तारेचं तिथलंच, डब्यात खोचायचं तोंड खाल्लं आणि आठ दिवस सवीला मी दिसलो नाही. साधं बोलायचं तरी उठून अंगणात यावं लागतं.

"अप्पा, असं न्हाई चालायचं," ती म्हणली. मी निंबाखाली उभा होतो. "तुमचा फोन लागत न्हाई, हिकडं माझा घास उतरत न्हाई. एक तर पुढच्या खोलीत झोपा."

"न्हाई झोपत."

"मग तार नीट करून घ्या. येळवशीच्या आवसेला मी येऊन राहिले. तवर चालू दिसली न्हाई तर तुमची पिशवी भरते आन तुम्हाला नांदेडला नेते. आता बोलू नका काही."

आईवर गेलीय. बोलू नका म्हणली की संपलं.

नेटवाला माणूस बोलावला. त्यानं तार बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"आजोबा, फेकून द्या ही. भिंतीला दोन होल मारतो, नवी तार सरळ आत."

"भोक नाही पाडायचं."

"अवो, करंगळीएवढं!"

"करंगळीएवढं का असंना."

"का, मालकीण वरडतील?"

"हाव."

त्यानं इकडं तिकडं बघितलं. मग भिंतीला नव्हे, खिडकीच्या गजाला टांगलेल्या हिच्या फोटोकडं बघितलं, आणि मशीन गुमान पिशवीत घातलं. भला माणूस. जाताना म्हणला, जुन्याच तारेला नवं तोंड लावलं तर चालंल, पण ते सामान आता आम्ही बाळगत न्हाई, आमचं सगळं काचेच्या तारेचं झालं.

सामान माझ्याकडं होतं. हिच्या डब्यात.

डबा ट्रंकेत, वाकळांच्या खाली. ट्रंकेचं झाकण उघडलं की डांबरगोळीचा वास येतो, त्याच्या मागून खोबरेल तेलाचा, आणि लई मागून हिचा. म्हणून मी ती चैत्रापासून उघडली नव्हती. वास काही पुन्हा भरत नाही. जेवढा आहे तेवढाच.

डब्यात सुया, रिळं, एक अडकित्ता, फुटक्या बांगडीचे दोन तुकडे कशासाठी ठेवलेले कोण जाणे, तार दाबायचा चिमटा, आणि कागदाच्या पुडीत तारेची तोंडं. काचेसारखी आरपार दिसणारी, चिंचोक्याएवढी. मोजली. तीन.

मी गवंडी. चौथी शिकलेला. दगड आणि ओळंबा एवढंच मला कळतं. औशाच्या पलीकडं हिचं माहेर. तिथलं दगडी घर मी बांधलं होतं, दोन हात रुंद भिंती, दगड आणि पांढरी माती. सोयऱ्यांत माझं नाव झालं होतं. जावयानं घर बांधलं म्हणून सासूनं मला धोतरजोडी नेसवली. त्या पहाटेचं मी सांगत नाही. धरणी हलली तेव्हा सासू त्या घरात होती.

त्यानंतर इकडं लातूरला किती दिवस माणसं रस्त्यावरच निजायची. कडब्याचा वास, रॉकेलचा वास, दवाखान्याकडून येणारा पांढऱ्या पावडरीचा वास. लेकरं हसायची, कारण त्यांना अंगणात झोपायला मिळायचं. कुणाच्या तरी घरातून भांडं पडल्याचा आवाज आला की अख्खी गल्ली उठून उभी. ही मला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणली, "मला पत्र्याचं बांधून द्या."

बांधून दिलं. लोखंडाचा सांगाडा, पत्रा, एक दगड नाही लावला. दिवसा ती स्लॅबच्या घरात वावरायची, सैपाक करायची, दिवस कलला की पत्र्यात. मी थोडे दिवस इकडं झोपलो, मग एक दिवस वाकळ उचलून मुकाट तिकडं गेलो. तिनं सरकून जागा दिली.

आणि त्या दिवसापासून गवंड्याच्या घरात भिंतीला खिळा नाही. कॅलेंडर गजाला, आरसा गजाला, देव फळीवर.

मग पोरं-पोरी शिकायला लातूरला यायला लागली. आधी थोडी, मग गल्लीच्या गल्ली. आम्ही पण मधल्या दोन खोल्या पोरींना दिल्या. सकाळी अंधार सरायच्या आत सायकलींच्या घंट्या सुरू. दारातून पुढं बघावं तर नुसत्या सायकली, पाठीवर दप्तरं, डोक्याला रुमाल. डाळीच्या गिरणीचा वास आणि पोह्यांच्या फोडणीचा वास एकात एक मिसळलेला. चौकात पाट्यांवर पहिल्या आलेल्या लेकरांचे मोठे मोठे फोटो. ही येता-जाता त्या फोटोंकडं बघून म्हणायची, "लेकरू वाळलं बगा पार. जेवू घालतेत का न्हाई कोन जाने." भोकरकडच्या दोन बहिणी आमच्याकडं चार वर्षं होत्या. त्या हिला मावशी म्हणायच्या, आणि पाठ केलेलं हिच्यासमोर म्हणून दाखवायच्या. हिला एक अक्षर कळायचं नाही, पण कुठं अडखळल्या ते बरोबर कळायचं. "हितं गाडी थांबली बग तुजी. पुन्यांदा म्हन."

तेव्हा सवी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनेरी शिकत होती. दिवाळीला आली ती तारेचं एक खोकं घेऊन आली. घरात फोन होताच, त्याच्यावर नवीन नेट आलेलं. पुढच्या खोलीत सवीचा जुना कॉम्पुटर, मधल्या खोलीत भोकरच्या पोरींचा, आणि तिसरा एक जुनापाना तिनं आईसाठी आणलेला. एका नेटवर तिन्ही चालवायचे म्हणली.

"मायला कशाला?" मी विचारलं.

"संध्याकाळी ती घरात बसत न्हाई. मग मी हॉस्टेलातनं तोंड कुनाला दाखवू? तुम्हाला?"

सवीनं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, इथून भोक, इथून भोक. हिनं ओल्या फडक्यानं खूण पुसून टाकली.

"माय, बोटाएवढं भोक गं!"

"बोटाएवढ्या भेगेतनंच घर जातं."

माझ्याकडं बघितलं नाही तिनं. पण मी खाली मान घातली. सवीनं दोघांकडं बघितलं आणि पेन्सिल कानाला लावली.

मग हिनंच वाट काढली. खिडकीतून बाहेर, वलणीवरून तिकडं. जुनं लुगडं फाडलं, काठाच्या चिंध्या केल्या, आणि बाळंतिणीच्या पोटाला पट्टा बांधावा तशी बेतानं एकेक गाठ मारली. लई आवळायची नाही, तारेला श्वास राहिला पाहिजे म्हणायची.

तारेच्या तोंडात आठ बारीक घरं असतात. तारेचं वरचं कातडं सोललं की आत आठ दोरे निघतात. सवीनं आईच्या तळहातावर पसरून दाखवले.

"आठ न्हाई, माय. चार जोड्या. नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येकात एक भरल्या रंगाचा आन एक पांढऱ्यावर पट्टीचा."

हिनं एक जोडी उकलून बघितली. दोघं एकमेकांना पीळ घालून बसलेले. "आगं, सुटता सुटंनात की," म्हणली. "पट्टीची ती बायको."

"कशावरून?"

"काठाचं लुगडं नेसलीय की."

हिचे हात वाकळ शिवणारे. सवीनं एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा हिनं चिमटा हातातून काढून घेतला. त्या तीन दिवसांत घरातली सगळी तोंडं हिनं लावली. पुढच्या खोलीतली चार हाताची तार लगेच चालली. वलणीवरची लांब तार मात्र नखरे करून राहिली. चित्र यायचं, थांबायचं, माणसाचं तोंड अर्धं उघडं तसंच राहायचं. सवीनं डबा बदलला, कॉम्पुटर उघडला, धूळ झटकली. दोन दिवस बेजार. माझं आपलं चालू होतं, की काढा, वलणीवर धोतर वाळू द्या निवांत.

तिसऱ्या दिवशी सवीनं तारेचं तोंड उन्हात धरलं आणि कपाळाला हात मारला.

"माय, हे हिरवं तू कसं लावलंस? मी पांढरा-हिरवा तिसऱ्या घरात सांगितला आन हिरवा सहाव्यात. मधी निळी जोडी."

"हां. तसं न्हाई लावलं."

"मग?"

"नारंगी जोडी शेजारी, तपकिरी जोडी शेजारी, निळी शेजारी. हिरव्यांनीच काय घोडं मारलं? येळवशीला शेतात कडब्याच्या कोपीत पूजा जोडीनंच करत्यात का न्हाई? जोडी फोडून मधी दुसऱ्याला कोन बसवतं? मी बसवलं दोघांना शेजारी. दोन्ही टोकांना एकसारखं बसवलं, फसवलं न्हाई."

सवी हसत सुटली. भोकरच्या पोरी दारातून बघून हसल्या. हिला राग आला. मग सवी तिच्याजवळ बसली आणि जे म्हणली ते मी तेव्हा अर्धंच ऐकलं, ओट्यावर तंबाखू मळत होतो.

"माय, लांबून आपल्याकडं जे येतं ना, बोलणं, चित्र, सगळं, ते तिसऱ्या घरातनं आन सहाव्या घरातनंच येतं. ती दोन घरं एकाच जोडीला पायजेत. तू तिसऱ्यात हिरवी बसवलीस आन सहाव्यात परकी. जवळच्या तारेत खपून जातं. लांब गेलं की त्यांना एकमेकांचं कळत न्हाई."

"मग मधी हे निळे कशाला?"

"नियम हाय."

"ते काय काम करत्यात?"

"काही न्हाई. बसत्यात."

"पाव्हणे!" ही म्हणली. मग जरा वेळ हिरवा दोरा बोटाला गुंडाळत बसली. "आतनं तर पीळ हाय न्हवं? पार वलणीच्या त्या टोकापतुर?"

"पार त्या टोकापतुर."

"निसतं तोंडाशी लांब बसायचं."

"निसतं तोंडाशी."

तिनं दोन्ही टोकं कापली आणि नव्यानं लावली. रंग चुकू नये म्हणून दळताना म्हणतात त्या चालीवर तिनं स्वतःच जुळवलं, आणि मग वर्षभर भांडी घासताना पण तेच म्हणायची.

पहिल्या घरी गं नारंगी काठाची,
तिच्या शेजारी गं धनी नारंगी.
तिसऱ्या घरी गं हिरवी एकली,
मधी पाव्हण्यांनी जागा घेतली.
निळा पाव्हणा गं बायकोच्या आधी,
सहाव्या घरी गं हिरवा धनी.
लांबून तो बगे, लांबून ती बगे,
तपकिरी म्हातारी-म्हातारा मागे.

"तपकिरी म्हंजे आपन," मला म्हणायची. "कोपऱ्यात, पर शेजारी."

सवी विष्णुपुरीला परत गेली आणि त्याच संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत तिचं तोंड आलं. पूर्ण आलं, थांबलं नाही. ही पदर सावरून बसली, पाव्हणी आल्यासारखी. पहिलं वाक्य काय बोलावं? "जेवलीस का?" आणि दुसरं, "तुज्या मागं ते काय चमकून राहिलं?"

"धरणाचं पाणी, माय. गोदावरी."

सवीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. इकडं आमच्या नळाला दहा-दहा दिवस थेंब नाही, आणि काचेत हे एवढं पाणी, मावळतीच्या उन्हात तांब्याच्या परातीसारखं. हिनं हात जोडले. कपाळाला लावले. मी हसलो.

"काचेला हात जोडून पुण्य लागत असतं व्हय?"

"तुमी गप बसा. गंगा हाय ती."

मग ते रोजचंच झालं. पाण्याच्या टँकरची पाळी ठरते तशी हिनं नेटची पाळी लावली. भोकरच्या पोरींचा पेपर असला की बाकीच्या दोन्ही कॉम्पुटरवर फडकं टाकायचं. पण दिवेलागणीची पाळी हिची. निंबाच्या मोहराचा कडू-गोड वास, दिवसभर तापलेला पत्रा गार होताना टिक टिक वाजायचा, वलणीवर पोरींचे कपडे, आणि त्यांच्या मधून ती निळी तार. तिच्यातून लेक यायची. येळवशीला मडक्यातून आंबील आली की ही पोरींना आधी प्यायला लावायची, आणि एक पेला कॉम्पुटरसमोर ठेवायची. "बग सवे, पेलाभर ठिवलीय तुजी." सवी तिकडं गिळायची. मी बघितलंय.

काल दुपारी मी निंबाखाली बसलो. पुडी, चिमटा, चष्मा. ऊन चांगलं पडलं होतं. तार सोलली. आठ दोरे सुटे करायला लई वेळ लागला, बोटं माझी दगड फोडलेली. रंग लावले, चिमटा दाबला, कचकन आवाज आला. लावून बघितलं. डब्यावरचा दिवा लागला नाही. उन्हात धरलं तर नारंगी काठाचीच्या जागी तपकिरी काठाची बसलेली. म्हाताऱ्या डोळ्यांना दोघी सारख्याच. गेलं एक.

दुसऱ्या वेळी हळू केलं. प्रत्येक रंग सूर्याकडं धरून बघितला. दाबलं. दिवा नाही. पुन्हा बघितलं, आणि मग तसाच बसून राहिलो. हिरवी जोडी शेजारी बसलेली. मी नव्हतं बसवलं. बोटांनी बसवलं.

एक तोंड राहिलं. ते गेलं की मी नांदेडला. तिथं पंखा आहे, नळाला पाणी आहे, सवी मायेची आहे. पण तिथं ही सरकून जागा द्यायला नाही.

उठलो, पुढच्या खोलीत गेलो. तारेचं ते टोक अजून डब्यात होतं. काढलं. हिच्या हातचं तोंड, पिवळं पडलेलं, आतून रंग दिसत होते. तिसऱ्या घरात हिरव्या काठाची, एकली. सहाव्यात तो. कापल्यावर एका रेषेत आलेले दोरे, मी ओळंबा धरूनसुद्धा भिंत लावली नसती इतके सरळ. आयुष्यभर मी हिच्या हाताच्या कामाकडं कधी एवढं निरखून बघितलं नव्हतं. हळूच परत बसवलं.

निंबाखाली येऊन मोठ्यानं म्हणायला लागलो. पहिल्या घरी गं नारंगी काठाची. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली आणि माझं तोंड बघून परत गेली. तिसऱ्या घरी आलो. काठाचीला घरात बसवलं आणि तिच्या धन्याला बाजूला वाकवला. निळ्या पाव्हण्यांना मधी जागा दिली. बस बाबा, नियम आहे. सहाव्यात त्याला बसवलं. आपण तपकिरी नव्हतोच, सवीची माय, आपण हे हिरवे. म्हणलो तसं, तोंडानं.

दाबलं. झडपेतून आत नेऊन लावलं.

दिवा लागला. विझला. मी मान फिरवली. परत बघितलं तर लुकलुक करून राहिला होता, हिरवा.

दिवेलागणीला सवी आली. तिच्या गच्चीवर होती, वाऱ्यानं केस तोंडावर. माझ्याकडं बघत राहिली.

"अप्पा, वाळलात." मग म्हणली, "कुनी आलतं का जोडायला?"

"न्हाई."

"मग कुनी लावलं तोंड?"

"एक तुज्या मायनं," मी म्हणलो, "एक मी."

चित्र थांबलं की काय असं मला वाटलं. मग तिनं नाक पुसलं.

"येळवशीला येते. आंबील करून आणते," म्हणली. "पिशवी न्हाई भरत."

"तुज्या मागं काय चमकून राहिलं?"

तिला ठाऊक होतं. तिनं फोन फिरवला. ऊन पार मावळायला आलं होतं, पाणी तांब्याचं होऊन हळूहळू काळं पडत होतं. पत्रा टिक टिक वाजत होता.

मी हात जोडले.